खुराड्यातला पहिला मुक्काम

आमच्या खुराड्यात कोंबड्यांच्या आधी मी राहायला गेलो.

तशी माझी काही हौस नव्हती. मी सरकारी कचेरीतला कारकून. आयुष्यात ठोकले ते फक्त रबरी शिक्के. पण वेळच तशी आली होती. दिवाळीनंतर आई धंतोलीच्या दवाखान्यात भरती झाली, ती घरी परत आलीच नाही. बाबा तिथून तिच्या चपला आणि जेवणाचा डबा तेवढा घेऊन आले आणि त्या दिवसापासून त्यांनी बोलणं बंद केलं. रडलेसुद्धा नाहीत.

आता माझे बाबा म्हणजे शाळेतले ड्रिल मास्तर! मैदानाच्या या टोकाला ते 'सावधान' म्हणाले की त्या टोकाचं कुत्रंही उभं राहायचं. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत त्यांनी आईला चहा मागितला तर चार घरांत आधण चढायचं. असा माणूस आता मागच्या ओट्यावर भिंतीकडे बघत बसलेला असायचा. जेवा म्हटलं की जेवायचा. कोणी म्हटलं नाही तर मागायचाही नाही. घरातल्या त्या शांततेची मला भीती वाटू लागली होती.

होळीच्या सुमारास कळमेश्वरहून आत्या आली. ही बाबांची थोरली बहीण, स्वभावानं फौजदार. तिनं भावाकडे नीट बघून घेतलं आणि मला बाजूला ओढलं.

"याले काहीतरी पाळायले दे. मुक्या जिवापुढं माणूस बोलते."

"काय पाळू, आत्या?"

"कोंबड्या पाळ. कुत्रं आणशील तं तेही याच्याच बाजूले गप बसंन."

पुढच्या खेपेला ती एसटीनं टोपलीत तीन कोंबड्या घेऊन हजर! खुराड्याचा अजून पत्ता नाही. कोंबड्यांची सोय न्हाणीघरात झाली आणि आमची आंघोळ अंगणात, बाबांचं धोतर आडवं बांधून. (वाऱ्याला माझ्याविषयी काय राग होता कोण जाणे, पण तो नेमका माझ्याच आंघोळीच्या वेळी सुटायचा.) शेवटी माझ्या बायकोनं, सुमननं, बादली आपटली.

"या कोंबड्या तरी न्हाणीत राहतीन, नाई तं मी तरी या घरात राहीन!"

"रविवारी खुराडं बांधतो."

"तुम्ही?"

एवढंच म्हणाली. पण असं म्हणाली की मी दुसऱ्याच दिवशी इतवारीतून जाळी घेऊन आलो.

आत्यानं जाताना बजावलं होतं, "जाळी आतून ठोकजो. भायेरून ठोकली की मांजर पंजा घालून ओढते." मांजराचा पंजा मी फारच मनावर घेतला.

रविवारी सुमन बहिणीकडे गेली आणि मी कामाला लागलो. संत्र्याच्या लाकडी पेट्या जोडून रात्रीचं खोकं केलं. त्याच्यापुढे कोंबड्यांना फिरायला म्हणून लाकडी बल्ल्या रोवून जाळीचं आवार. बाबा समोरच ओट्यावर. मी मुद्दाम त्यांना बोलण्यात ओढत होतो.

"बाबा, ही बल्ली सरळ आहे नं?"

उत्तर नाही.

"वाकडी आहे का?"

उत्तर नाही. (वाकडीच होती! पूर्वी रांगेत एका पोराचा अंगठा पुढे आला तरी ज्यांना झोप लागायची नाही, त्यांना आता अख्खी बल्ली वाकडी चालत होती. मला भरून आलं, आणि त्या भरात मी स्वतःच्याच बोटावर हातोडी हाणली.)

तिथून सगळं बिघडत गेलं. हातोडीचा दांडा निखळला. शेजाऱ्याकडे मागायची लाज वाटली, म्हणून मी स्वयंपाकघरातला खलबत्त्याचा बत्ता आणला. कोंबड्यांनाही आपलं नवं घर बघू द्यावं म्हणून अंगणात सोडलं. मग आत बसून जाळी ठोकायला घेतली. एक बाजू झाली, दुसरी झाली. घारी येतात म्हणून वरूनही जाळी. प्रत्येक खिळा ठोकून वर वाकवलेला! हात असा काही बसला की तिसरी आणि चौथी बाजू कधी झाली ते कळलंच नाही. आत बसून मी माझं काम डोळे भरून पाहिलं. तहान लागली म्हणून उठलो, तर डोकं जाळीला लागलं. बाहेर पेरूच्या झाडाला दार टेकवून ठेवलेलं होतं.

पकडही तिथेच, दाराशेजारी.

बत्त्यानं खिळे आत जातात, बाहेर येत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. लाथ मारली तर जाळीनं मला परत पाठवलं. डोक्यावर नागपूरचं ऊन. तिन्ही कोंबड्या बाहेर रांगेत उभ्या राहून माझ्याकडे माना तिरप्या करून बघत होत्या.

"बाबा, जरा पकड द्या नं."

बाबा भिंतीकडे बघत होते.

"बाबा, मी अडकलो इथं."

तरी भिंतच. त्या क्षणी माझा धीर सुटला. पकड राहिली बाजूला. हा माणूस आता कधीच आपल्याकडे वळून बघणार नाही, असं मनात आलं. माझ्या तोंडून लहानपणचा आवाज निघाला.

"बाबा, मले भायेर काढा नं!"

त्यांनी मान वळवली. नेमकं त्याच वेळी एक कोंबडी फडफडत वरच्या जाळीवर चढली आणि तिनं थेट माझ्या टाळूवर आपला शेरा मारला.

बाबा उठले. खुराड्याला त्यांनी सावकाश एक फेरी मारली आणि माझ्यासमोर येऊन थांबले.

"दार कुठं हाय?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते बोलले होते!

"विसरलो, बाबा."

त्यांच्या मिशा हलल्या. खांदे हलायला लागले. आणि ते हसले, खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डोक्यावरची घाण पुसायचं सोडून मीही हसत सुटलो. हसता हसताच त्यांनी तोंड घराकडे वळवलं आणि जुन्या, मैदानावरच्या आवाजात हाक मारली,

"अवं, भायेर ये वं! पाह्य, तुह्या पोरानं काय करून ठेवलं!"

स्वयंपाकघरातून कोणी आलं नाही.

हाक चार घरं ओलांडून गेली असणार. शेजारी कोणीतरी रेडिओ बंद केला. बाबा दाराकडे तोंड करून तसेच उभे राहिले. मग जाळीला धरून हळूच खाली बसले आणि रडू लागले. इतक्या दिवसांचं सगळं त्यांनी तिथं, पेरूखाली, हमसून हमसून काढलं. माझ्या जाळीची भोकं लहान. दोन बोटं तेवढी बाहेर निघाली. ती त्यांनी मुठीत धरली.

"तुही माय असती तं हसून हसून लोळली असती."

"हो बाबा."

"तुले काई जमत नाई, तिले माहीत होतं."

"हो बाबा."

मलाही मग आवरेना. सुमन आली तेव्हा आम्ही दोघं जाळीच्या दोन बाजूंना बसून रडत होतो. तिनं पिशवी खाली टाकली.

"काहून रडून राहिले? कोंबडी मेली का?"

"नाई वं सुमन," बाबा नाक पुसत म्हणाले. "पोरगं अडकलं."

त्यानंतर बाबा बोलू लागले. पहिल्यासारखे नाही, पण कोंबड्यांना सकाळी रांगेत उभं करण्याइतके नक्की. आत्यानं मात्र हा किस्सा सगळ्या नात्यात आपल्या पद्धतीनं पसरवला. "पोरगा असावा तं असा," ती सांगायची, "बाप रडत होता तं भर उन्हात त्याच्याजवळून हलला नाई!" मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो. खरं तर समोर कोणी रडायला लागलं की मी काहीतरी काम काढून तिथून सटकणारा माणूस. त्या दिवशी बसलो, कारण दार नव्हतं.