रॉकेटभोवती बकऱ्या

आश्विनातल्या उन्हाने आधीच तापलेल्या टीव्हीमागून जळक्या धुळीचा वास येई आणि खिडकीतून उमेळे गावच्या केळीबागांचा ओलसर गारवा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, त्या दोहोंच्या सीमेवर बसून मी माझा मालक विल्सन याच्या वर्कशॉपात व्हिडिओ गेम रचत असे. मनात सूड धरून रचलेला मात्र एकच.

त्याआधी मी वाघबकरी रचली होती. बाबांचा खेळ तो, बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचा, विहिरीच्या काठावरच्या दगडात कोरलेल्या रेघांवर आयुष्यभर खेळलेला. मालकाला चाली नीट उमजाव्यात म्हणून बाबा धुतलेला सदरा घालून स्वतः आले, टेबलावर खडूने पट आखला, खिशातले खडे मांडले. विल्सनने पट हाताने पुसून टाकला. "काका, हे गावठी खेळ घरी ठेवा. पब्लिकला आता रॉकेट पाहिजे, रॉकेट!"

बाबा एकेक खडा वेचून खिशात टाकत राहिले. त्या वेचणाऱ्या बोटांकडे पाहताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती महिनाभर उतरली नाही.

रॉकेट पाहिजे काय? दिलं. चांगलं चकचकीत दिलं. पण त्याच्यावर चालून येणाऱ्या उडत्या तबकड्यांना मी बकऱ्यांच्या चाली दिल्या: उगाच धावायचं नाही, एकेक घर धरत वाट बंद करायची. आणि रॉकेट पुरतं कोंडलं की सगळ्यांनी एकदम गोळ्या झाडायच्या. विल्सनला पत्ताही लागला नाही. परदेशी खेळाची नक्कल हुबेहूब दिसली की तो खूश.

तुळिंजच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात उद्घाटनाला फादरांनी मशिनीवर पवित्र पाणी शिंपडलं आणि विल्सन ऐटीत पहिला खेळायला बसला. तीनदा कोंडला, तीनदा मेला. चौथ्यांदाही मेला तेव्हा जमलेली माणसं खो-खो हसली आणि, खोटं कशाला बोलू, त्या हसण्याने माझ्या जिवाला नाताळच्या वाईनसारखी ऊब आली.

बाबा मागे उभे होते. चाली त्यांनी ओळखल्या होत्या, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. शाबासकीच्या आशेने मी जवळ गेले.

"बकरी मारीत नाय, पोरी," ते हळूच म्हणाले. "बकरी नुसती वाट अडवते. मारतो तो वाघ."

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रॅममधली ती गोळ्या झाडण्याची ओळ काढायला बसले. बाबांचा खेळ त्या तबकड्यांत मी जपला की मीच तो घालवला, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही. तेवढ्यात विल्सनचा पडलेला चेहरा आठवला, आणि ओळ मी तशीच राहू दिली.