उन्हाचा पायजमा

कापडाच्या दुकानात कोणी मला "डोळे झाकून घ्या" म्हटलं, की मी आधी चष्मा लावते. कापड उलटं करते, शिवण ताणून बघते, तोंडाशी धरून आरपार फुंकर जाते का ते पाहते. मागच्या उन्हाळ्यात भाचीसाठी पळायचा घट्ट पायजमा घ्यायला गेले होते. दुकानातली मुलगी म्हणाली, "मावशी, हा घाम ओढून घेतो, दमट हवेत एकदम थंड राहतो." मी तिला विचारलं, "तू घालून पळालीस का कधी?" भाचीने माझा हात दाबला आणि कानाशी म्हणाली, की तू फार संशयी आहेस. आहेच मी. ते मी आईकडून घेतलंय, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. आम्ही हिंदी मुलखाच्या काठावर, पांढुर्ण्याला राहायचो. बाबा तहसिलीत बाबू होते. मी नववीत होते आणि मला पळता येत होतं. हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं, आमच्या पी.टी.च्या बाईंनी शोधून काढलं. बाई जबलपूरकडच्या, त्यांना मराठी कळायची पण बोलायच्या हिंदीच. शाळेच्या शर्यतीत मी सगळ्यांच्या पुढे होते आणि शेवटच्या वळणावर सलवारीच्या पायात माझी टाच अडकली. तोंडावर आपटले, दोन्ही कोपरं सोलली. बाई घरी आल्या आणि बाबांना म्हणाल्या, हिला सौंसरला निवडीसाठी पाठवा, पहिल्या दोघी जिल्ह्याच्या शर्यतीला छिंदवाड्याला जातील, पण सलवार घालून पाठवू नका.

"मंग काय घालून?" बाबांनी विचारलं.

"हाफ पँट," बाई म्हणाल्या.

बाई गेल्यावर बाबांनी आईला आणि मला समोर बसवलं. "पाय घोट्यापावतर झाकले पाह्यजे. असं काही भेटत असंन तं पळ म्हणा. नाही तं हे पळणं-बिळणं आजपासून बंद." आणि ते अंघोळीला निघून गेले. म्हणजे माझं सगळं पळणं आता एका पायजम्यावर येऊन बसलं. घट्ट हवा, म्हणजे पाय अडकणार नाही. लांब हवा, म्हणजे बाबा अडकवणार नाहीत. आणि भादव्यातल्या त्या चिकट गरमीत पोरगी त्यात शिजू नये, एवढा हलका हवा. वारा नावाला नसायचा. सकाळी दोरीवर टाकलेला टॉवेल संध्याकाळीही ओलाच असायचा.

आई माझ्यासोबत बाजारात गेली, पण माझ्यासाठी गेली की मला अडवायला, हे मला कळेना. तिचं माहेर वरूडकडचं. "पोरीनं पळून काय होते," असं मी तिच्या तोंडून एकदा ऐकलं होतं. ते मी विसरले नव्हते.

पहिल्या दुकानात चुडीदार निघाला. आईने मला तिथेच गादीवर चढून गुडघा पोटाशी न्यायला लावला. शिवण कर्रर्र बोलली. दुसऱ्या दुकानदाराने बनियनच्या कापडाचा पांढरा पायजमा काढला आणि म्हणाला, यापेक्षा थंड काही नाही. आईने त्याच्याच लोट्यातलं पाणी एका पायावर ओतलं आणि आत हात घातला. तिच्या बांगड्यांचा रंगसुद्धा दिसला. "घाम आल्यावर काय झाकीन हे?" तिने विचारलं. तिसऱ्याकडे नायलॉनचा होता, चमकदार, ताणला की ताणायचा. माझं मन त्यावर गेलं. आईने तो मनगटाला गुंडाळला, पदराने बांधला आणि म्हणाली, आम्ही भाजी घेऊन येतो. दुकानदार ओरडत राहिला. भाजी घेऊन परत आलो तेव्हा तिने पायजमा सोडला. मनगट पाण्यातून काढल्यासारखं ओलं होतं. "पोरगी उकडून निघंन यात," म्हणाली आणि परत देऊन टाकला. त्या दुकानदाराने नंतर आम्हाला कधी बसा म्हटलं नाही.

मग त्या आठवड्यात लुधियान्याचे व्यापारी आले. धर्मशाळेत सतरंज्या टाकून त्यांनी सेल मांडला होता. मी शाळेत होते. आई एकटीच जाऊन आली आणि मी घरी पोचले तर पलंगावर निळा पायजमा पडलेला. बारीक विणीचा, मऊ, घोट्यापर्यंत लांब.

"मले काहून नाही नेलं?"

"तू रंग पाहून घेशीन. मी कापड पाहून घेतला." तिने एकेक करून सांगितलं. पाणी टाकून पाहिलं, हात दिसला नाही. ओढून पाहिला, परत जागेवर आला. फुंकर मारली, आरपार गेली. "अन् त्या माणसाले मी तीनदा विचारलं, उन्हाचाच आहे नं? तीनदा म्हणे उन्हाचाच. पक्का उन्हाचा. मले त्याचा शकच आला होता, लय हसून राहिला होता. म्हून अखीन एकदा विचारलं."

मला शक आईचा आला. तीन-तीन दुकानांतून नाक मुरडून उठणारी बाई एकटी जाते काय, पहिल्याच फटक्यात घेऊन येते काय. पण पाय झाकले जात होते. बाबांनी पायजमा हातात धरून लांबी बघितली आणि मान हलवली. मी पळायला मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मी तो घालून निघाले. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीला मांड्यांतून वाफ निघाल्यासारखं झालं आणि मग खाज सुटली. साधी खाज नाही, खाजकुयली चोळल्यावर सुटते तशी. पळता पळता मी दोन्ही हातांनी पाय खाजवत होते आणि मैदानाकडेच्या पोरी हसत होत्या. घरी येऊन न्हाणीघरात पाहिलं तर गुडघ्याच्या मागे लाल चट्टे उठले होते. मी पायजमा उलटा केला, वास घेतला, शिवणींतून बोट फिरवलं. खरंच सांगते, मी खाजकुयलीच शोधत होते.

काही सापडलं नाही. मग मी विचार करायला लागले, आणि चौदा वर्षांच्या पोरीने विचार करायला घेतला की तो कुठपर्यंत जाईल याचा नेम नसतो. आई मला विचारतच नव्हती की कसा आहे. रोज ती तो पायजमा धुवायची, सावलीत वाळवायची, घडी करून ठेवायची आणि माझ्याकडे एकदा बघायची. एवढंच. मग एका संध्याकाळी ओट्यावरून मी ऐकलं. आई बाबांना म्हणत होती, "एकदा पळू द्या तिले. मंग पाहू." मला वाटलं, समजलं. हिला वाटतं पोरगी एकदा पळेल, हाश्श-हुश्श करून बसेल, आपणच म्हणेल नको बाई. बापाने नाही म्हणायला नको आणि आईने बोल घ्यायला नको. पायजमाच बोलेल.

मला इतका राग आला की मी जेवले नाही. पण बोललेही नाही. खाजतंय म्हटलं असतं तर "मंग नको पळू" हे तयारच होतं. मी पायाला खोबरेल लावायची आणि वरून तो पायजमा चढवायची.

सौंसरला आई आली, कारण बाबांना सुटी नव्हती आणि पी.टी.च्या बाईंवर कोणाचाच विश्वास नव्हता. बसमध्ये ती बाईंच्या शेजारी बसली आणि पूर्ण रस्ताभर त्यांच्या पिशवीकडे बघत होती. मैदानावर पोचलो तर आभाळ भरलेलं, पाऊस नाही, अंगाला हवा चिकटून बसलेली. कंपाउंडच्या भिंतीवर गावातली माणसं पाय सोडून बसली होती. आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "यायले काही कामधंदे नाहीत." मग शेवटच्या दोरीजवळ उभ्या माणसाकडे बघून म्हणाली, "हा सौंसरचाच दिसते. सौंसरच्या पोरीलेच पहिला नंबर देईन." आठशे मीटरच्या मुलींना भोंग्यावरून बोलावलं. रामाकोन्याची एक पोरगी अनवाणी उभी होती.

बाई माझा नंबर नीट करायला वाकल्या आणि त्यांचा हात माझ्या गुडघ्याला लागला. त्यांनी कापड चिमटीत धरलं. "अरे, ये तो ऊन का है," त्या म्हणाल्या. "इस गर्मी में? लड़की को मारना है क्या?"

शाळेत मी हिंदी शिकत होते. मला एका क्षणात कळलं. आमच्या घरात लोकर म्हणजे हाताने विणलेला जाडजूड स्वेटर, इतकी बारीक लोकर मी जन्मात पाहिली नव्हती. मी आईकडे वळले आणि सगळ्यांसमोर बोलून गेले. "लोकरीचा आणला तू. मुद्दाम आणला. मी पळू नाही म्हून."

"लोकरीचा कायले आणीन मी?" आई म्हणाली. "उन्हाचा आहे. मी तीनदा विचारलं त्याले. ऊन का है न? ऊन का ही है न? हाव म्हणे, प्योर ऊन का."

बाईंच्या तोंडातून हसू फुटलं आणि त्यांनी लगेच तोंडावर हात ठेवला. आईची हिंदी बाजारातली होती. मराठी शब्द घ्यायचा, पुढे का-की लावायचं, काम भागतं. आमचं जे ऊन, त्याला हिंदीत धूप म्हणतात, आणि हिंदीतलं ऊन म्हणजे लोकर, हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. लुधियान्याच्या त्या बिचाऱ्याने भर भादव्यात लोकरच मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहिलं असेल, तो हसणार नाही तर काय करणार. माझ्या आईने जगात कोणावर भरोसा ठेवला नाही, एका शब्दावर ठेवला.

बाईंनी तिला हे मोडक्या मराठीत समजावलं. आईचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग काळवंडला. मी हसले नाही. मला रडू येत होतं आणि तिच्यावरचा राग अजून जायला तयार नव्हता. भोंग्यावरून दुसऱ्यांदा बोलावलं.

आईने माझं मनगट धरलं आणि मला शाळेच्या भिंतीमागे ओढत नेलं. पिशवीतून सुपारीचा अडकित्ता काढला. गुडघ्यावर बसली, पायजम्याचं कापड गुडघ्याच्या वर चिमटीत धरलं आणि सुपारी कातरावी तसं कचकच कातरत गोल गेली. मग दुसरा पाय. लोकरीचे धागे लोंबत होते, ते तिने दातांनी तोडले.

"आई, बाबा."

"बाबाले मी पाह्यतो."

"भिंतीवर लोक बसून आहेत."

तिने वर पाहिलं. "बसू दे. तू तिकडे नको पाहू. त्या रामाकोन्यावालीच्या पाठीकडे पाह्य," ती म्हणाली आणि माझे उघडे पाय एकदा पदराने खालपर्यंत पुसून काढले. लाल चट्ट्यांवर तिचा हात थांबला. ते तिने तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

मी पळाले. रामाकोन्याची पोरगी पुढे गेली ती गेलीच, तिला मी आजही धरू शकणार नाही. पण बाकीच्या मागे राहिल्या. शेवटच्या वळणावर मला फक्त आई दिसत होती. ती मैदानाच्या आत शिरली होती आणि दोरी धरणाऱ्या माणसाच्या अगदी नाकासमोर उभी राहून त्याच्या हातांवर नजर ठेवून होती. माझा दुसरा नंबर आला. छिंदवाड्याला जायचं नक्की झालं, बाबांनी जाऊ दिलं तर.

परतीच्या बसमध्ये मी सलवार चढवून बसले. कातरलेले दोन निळे पाय आईच्या पिशवीत होते. तिने ते टाकले नव्हते, का ते माहीत नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी साऱ्या बाजारावर शक घेऊन राहिली होती तुह्यासाठी. अन् तू माह्यावर."

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, तिने टेकू दिलं, पण पांढुर्णा येईपर्यंत तिने हात काही माझ्या पाठीवर ठेवला नाही. फार वाईट वाटलं मला.

घरी बाबा दारातच उभे होते. त्यांना काही सांगायची वेळ आली नाही. आईने पिशवी उघडली आणि ते दोन कातरलेले पाय त्यांच्या हातात दिले. "मीच कातरले," म्हणाली. "लोकरीचा निंगाला. पोरगी मरत होती त्यात."

बाबा त्या तुकड्यांकडे बघत राहिले. मी दाराच्या कोपऱ्याशी उभी होते.

"कोणी पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

"मी पाह्यलं," आई म्हणाली. "दुसरी आली."

बाबांनी तुकडे हातात गुंडाळले, उलगडले, परत गुंडाळले. आई चप्पल काढून आत निघाली तेव्हा ते मागून म्हणाले, "मंग छिंदवाड्याले बी तूच जाय संग. मले त्या पी.टी.वाल्या बाईचा भरोसा नाही."

"जाईनच," आई आतून म्हणाली. "मले आता तुमचा बी नाही."