बारसं वेळेवर पार पडलं

आमच्या छापखान्यात पहिला फर्मा वाचला आणि मी तडक मशीनकडे धावलो. फर्मा म्हणजे सोळा पानं एकत्र छापलेला मोठा कागद. पुस्तक होतं एका अमेरिकन विनोदी लेखकाच्या कथांचं, सुरुवातीला त्याने स्वतःच लिहिलेलं चरित्र. प्रकाशन उद्या सकाळी, धारवाडला.

भाषांतर सुधाअक्कांचं. इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. आधीच्या प्रकाशकाने "तुम्हाला विनोद जमत नाही" म्हणून हस्तलिखित परत केलं होतं. बाई आतून खचल्या होत्या. उद्या त्या हेच चरित्र सभेत वाचणार होत्या.

लेखकाने लिहिलं होतं, 'माझ्या बारशाला मी उशिरा पोचलो.' छापलं होतं, 'बारसं वेळेवर पार पडलं.' त्याचं रडणं ऐकून सुईण गाव सोडून गेली, हे वाक्य तर गायबच! आमच्या प्रूफरीडर गुरुजींनी शेवटच्या प्रूफात हे उद्योग केले होते. डोकं फिरलं माझं. मशीन चालवणाऱ्या इराप्पाला गाठलं.

"इराप्पा, जुना मजकूर घालून नवी प्लेट येतेय. परत छापायचं."

"गुरुजींची सही?"

"मी मालक सांगतोय ना!"

"आगंगिल्ल, अण्णा, जमणार नाही. सहीशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हा तुमच्या अप्पांचा नियम."

झालं! नवं प्रूफ घेऊन स्कूटरवरून नवनगरला गुरुजींचं घर गाठलं. गुरुजी शांतपणे चहा पीत होते.

"गुरुजी, कथांना हात लावला नाहीत, मग चरित्राचीच वाट का लावलीत?"

"कथेत थापा चालतात. चरित्रात नाही. स्वतःच्या बारशाला कुणी उशिरा पोचतो का?"

"अहो, अक्कांची अब्रू जाईल उद्या!"

"खोटं छापलं तर माझी जाईल."

मी अक्कांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला, सगळं सांगितलं.

"गुरुजी," अक्का म्हणाल्या, "तो माणूस जन्मभर असाच बोलला. त्याच्या थापा काढल्यात, तर हे चरित्र उरतं कुणाचं?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. विचार केला. मग पानाच्या तळाशी एक ओळ लिहून सही ठोकली. वाद घालायला वेळ नव्हता. आलो, ती ओळही घालून प्लेट केली, छापलं. आधीचा कागद संपला होता, म्हणून पहिली सोळा पानं जरा पिवळट आली.

सकाळी अक्कांनी बारशाचं वाक्य वाचलं. सभागृह चिडीचूप. एक माणूस हसेल तर शपथ! घाबरून अक्कांनी तळाची ओळही वाचून टाकली. 'लेखक बारशाला उशिरा पोचल्याचा पुरावा मिळालेला नाही. प्रूफरीडर.'

हशा जो फुटला, तो थांबेना. मग सुईणीला हशा, पुढच्या वाक्याला हशा. अक्का डोळे पुसत वाचत राहिल्या.

पहिल्या रांगेतले गुरुजी माझ्याकडे वळले. "यात हसण्यासारखं काय आहे?"

विनोदी पुस्तक काढायचं तर पदरी एक न हसणारा माणूस हवाच.