मूठ का वीत

अर्धा रस्ता झाला असेल-नसेल, तोच सत्यभामाकाकू सडक सोडून एका अर्धवट बांधलेल्या घरात शिरल्या.

"काकू, कोणाचं घर हाये ते?"

"मले काय ठाऊक! ये आत."

काकू माझ्या शेजारीण, वय बासष्ट. आम्ही दोघी मेहकरच्या बालाजीला पायी निघालो होतो. रोज पहाटे पाचला त्या भूपाळ्या म्हणतात. टिनाच्या घरातून आवाज असा निघतो की आमच्या गल्लीत कोणी गजर लावत नाही. आता तिथं पक्कं घर बांधणं चाललं होतं, आणि दिवाळीनंतर त्यांच्या मुलाचं, सागरचं लग्न. नवरानवरीची खोली देवघराला लागूनच. मधली भिंत चार इंची घ्यायची की नऊ, हे गुलजार मिस्तरीला उद्या सांगायचं होतं. सागरनं बजावलं होतं, "आई, चार इंची घेतली तर भूपाळ्या मनातल्या मनात."

काकूंनी भिंतीच्या कडेला मूठ लावली. "हे चार इंची. तू तिकून ऐक."

मी पलीकडे गेले. पहिलीच ओळ अशी आली की वाळूवरचं कुत्रं उठून पळालं. शेतातून एक बाप्या धावत आला, "काय झालं वो बाई? कोण गेलं?"

आम्ही चपला हातात घेऊन पळालो. हसून हसून माझ्या पोटात कळ आली.

मेहकरात दर्शन झालं. भक्तनिवासातल्या माणसानं आतल्या भिंती नऊ इंची सांगितल्या, तरी काकूंनी दाराच्या कडेला वीत लावून पाहिलीच. मग त्या एका खोलीत, मी शेजारच्या खोलीत. दारं बंद. मी बसले, वाट पाहिली, शेवटी जाऊन दार ठोकलं. "म्हना ना आता!"

काकू घामाघूम. "अवं, पाच झाल्या!"

"मले तं एक नाही आली. घ्या मंग नऊ इंची!"

काकूंचा चेहरा उतरला. "काहीच नाही?"

"देवाले येते ना ऐकू."

"त्याले येते वो. बाकी कोणालेच नाही?" प्रसादाचा लाडू त्यांनी संपवला. मग एकदम म्हणाल्या, "मूठच घेतो. खोली बी पाच इंच मोठी होते."

"अन् सून?"

त्यांनी माझा हात धरला. "वंदना, प्रतीक्षा आली की तू तिले सांगजो, या गल्लीत साऱ्याच बाया पाचले भूपाळ्या म्हनतात."

"बालाजीच्या दारात मले खोटं बोलाले लावता?"

"खोटं काऊन होईन? उद्यापासून तू बी म्हनत जाय ना!"