डोहातली बंदूक

पाण्यात उतरण्यापूर्वी सरूआत्या तोंडातली तंबाखू थुंकायची, लुगड्याचा काष्टा आवळायची आणि समोरच्या खडकावर पडलेल्या मगरींकडे एकदा नीट बघून घ्यायची. मग सूर. ती वर येईपर्यंत काठावर आमचाच जीव कासावीस व्हायचा. ती म्हणायची, "घाबरलं का दम संपते. पान्यात घाबराले जागाच नाई."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, तरुणपणीच विधवा झालेली. तेल्हाऱ्याच्या वरच्या अंगाला, वान नदीच्या वाळूत ती डांगरांची, म्हणजे खरबुजांची, वाडी करायची. वाळूचा तो तुकडा सरकार दर उन्हाळ्यात खंडानं लावून द्यायचं. शेजारीच खडकाळ डोह. त्यात कुणी बुडालं की आत्याला बोलावणं यायचं. कपारींत अडकलेली कितीतरी माणसं तिनं काढली. त्यातली दोन जिवंत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. एका उन्हाळ्यात तहसिलीतले एक साहेब मगरीच्या शिकारीला आले. होडी कलली आणि त्यांची विलायती बंदूक डोहात गेली. त्यांनी आत्याला बोलावून घेतलं.

"मानसासाठी उतरीन," आत्या म्हणाली. "बंदुकीसाठी नाई."

"वाडी काढून घेईन."

"घ्या. वाळू सरकारची हाये. दम माहा हाये."

मग साहेबांनी आपल्या चपराशालाच कमरेला दोर बांधून उतरवलं. त्याला धड पोहता येत नव्हतं. दोर खडकाला घासून तुटला, तो तळाशी गेला, आणि एक मगर खडकावरून पाण्यात सरकली. आत्यानं काष्टा आवळला आणि सूर मारला. आम्ही काठावरून मगरीच्या दिशेनं दगड मारत राहिलो. आत्यानं त्याला केसांना धरून वर आणलं. पाणी ओकून तो रडायला लागला.

साहेबांनी विचारलं, "बंदूक दिसली?"

"दिसली. पायानं कपारीत ढकलून देली."

वाडी गेलीच. पुढल्या उन्हाळ्यात आत्या दुसऱ्याच्या वाडीतली डांगरं घेऊन बाजारात बसली. पण दुपारी डोहावर येऊन मला आणि माझ्या चुलत बहिणीला दम धरायला शिकवू लागली. वडील चिडले. "सरू, पोरीईले काहून शिकवून राहिली?"

"मंग? मी काय अमर हाओ?"

काही वर्षांनी ती तापानं गेली, घरातच, खाटेवर. तेरावं व्हायच्या आतच एक गडी डोहात पडला. काठावर जमलेली माणसं आम्हा दोघींकडे बघू लागली. आम्ही उतरलो. तो गडी अजून आहे.