धार कशी आहे?

डॉक्टरनं विचारलं, "धार कशी आहे?" मी खुशीत सांगितलं, "लय झकास! सरकीची ढेप बदलली तवापासून वाढली."

आता मले काय ठाऊक, तो माणूस म्हशीचं नाई, माझंच विचारून राहिला! आमच्याकडे धार म्हटलं की म्हैसच. डॉक्टरनं पेन खाली ठेवला, बायकोनं तोंडात पदर कोंबला. मंग समजलं की प्रोस्टेट नावाची ग्रंथी वयानं फुगली, म्हणून लघवी अडकते. रोज रात्री जेवल्यावर एक कॅप्सूल. "अन् बसल्या जागेवरून एकदम उठू नका, चक्कर येईल," असं त्यानं बजावलं.

कॅप्सूल गुणाची निघाली. घरात मात्र माझी अब्रू गेली. बायको गोठ्यातून आली की मुद्दाम विचारे, "अजी, धार कशी हाये?"

मंग अकोल्याची बैठक ठरली. पोरगी नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात आहे, तिथल्याच एका पोरावर तिचा जीव जडला. आमी राजी होतो. पोराचा बाप मात्र लय कडक, असं तिनंच सांगितलं. निघताना मले म्हणे, "बाबा, तिथं सारखं सारखं उठू नका. म्हणतील, बापालेच रोग हाये, सोयरीक नको." तिचे डोळे भरले होते.

आदल्या रातची कॅप्सूल गडबडीत राह्यली होती. ती मी सकाळी उपाशीपोटीच गिळली. शहाणपणाले काही कमी नाई!

अकोल्यात पोराच्या घरी पोहे आले, चहा आला. पोराचा बाप समोर, मोठ्या मिशा, तोंडावर हसू म्हणून नाई. मी पाय आवळून बसलो. आग्रहाचा दुसरा चहा झाला अन् बांध फुटायले आला. उठलो तो एकदमच उठलो. डोळ्यापुढं अंधारी आली अन् पडलो तो थेट पोराच्या बापाच्या पायावर!

"अरे बाप्पा!" कोणीतरी ओरडलं. "पोरीच्या बापानं पाया पडायचा जमाना गेला, भाऊ!"

"लय हळवे हायेत ते," बायकोनं सावरून घेतलं. पोरगी दारात पांढरीफट उभी.

पोराच्या बापानं मले बगलेत धरून उठवलं अन् कानाशी विचारलं, "रातची कॅप्सूल सकाळी घेतली काय?"

मी हळूच मान हलवली.

"चला मागं. मी बी तीच घेतो, मले बी जायचंच हाये. तुमी आल्यापासून दाबून बसलो."

आळीपाळीनं मोकळे झालो. तो म्हणे, "मले वाटलं, पोरीचा बाप लय कडक हाये. माणूस हसतच नाई!"

"मले बी तुमचं तेच वाटलं, भाऊ," मी म्हटलं. मंग आमी दोघं इतके हसलो की पुन्हा आत जावं लागलं.

आमी बैठकीत परत आलो. साऱ्याइले वाटलं, देण्याघेण्यावरून फिसकटलं. पोरगी माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती. पोराच्या बापानं बसता बसता सांगितलं, "आणा सुपारी, फोडून टाकू." पोरगी ओढणीनं डोळे पुसत आत पळाली. माझ्याही डोळ्याले पाणी आलं.

परतताना गाडीत बायकोनं विचारलं, "अजी, मागं इतका वेळ काय बोलून राहिले होते?"

"म्हशीचं. धार चांगली हाये म्हणे."

मागच्या सीटवरून पोरगी म्हणाली, "बाबा, त्याइच्या घरी तर म्हैसच नाई."

बायकोनं पुन्हा तोंडात पदर कोंबला.