पोट केव्हा मिटतं

सुईणीनं अंडं फोडून दाखवलं नसतं, तर मीही स्वतःला गुन्हेगारच मानत राहिले असते. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हाची गोष्ट. अकोल्याच्या आमच्या घरात माणसांना निजायला जागा नाही, इतका कापूस भरलेला. मला सहावा महिना लागला होता. ग्रहणात पोटुशीनं काही चिरू नये म्हणून सासूबाईंनी मला कोपऱ्यात बसवलं होतं. तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस माल बघायला दारात आला. स्वतः विळा हातात धरायची मामंजींना सवय नव्हती. म्हणाले, "सूनबाई, पोत्याची शिवन काप. भाव काय गिऱ्हान सुटेपर्यंत थांबते?" सासूबाईंनी ऐकलं, तोंडाला पदर लावला. मी शिवण कापली.

पंधरा दिवसांनी गोठ्यातली गाय व्याली. वासराचं पोट खालून उघडं, आतडी बाहेर. घटकाभरही जगलं नाही.

"तुनंच चिरलं!" सासूबाई कडाडल्या. "गिऱ्हानात पोटुशी चिरते, तं घरातल्या साऱ्या गाभण्यांले बाधते. आता तुयं लेकरूही तसंच येईन. या घरात नको मले ते." मला अमरावतीला माहेरी धाडायचं ठरलं. मामंजी सुपारी कातरत बसले होते. पोतं कुणाच्या सांगण्यावरून कापलं, हे सांगायला त्यांची जीभ उचलली नाही.

मी रडत सुईणीकडे गेले. माझंही लेकरू तसंच निघालं तर, एवढं एकच डोक्यात होतं. तिची अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी कुत्र्यानं हुसकावली होती आणि अंडी गार पडली होती. काही आधी ठेवलेली, काही मागाहून. तिनं एक फोडलं. बलकावर तांबडे धागे, मध्ये नखाएवढा जीव, पानासारखा पसरट, खालून उघडा. दुसऱ्यात त्या पानाच्या कडा वळून एकमेकींजवळ आलेल्या. तिसऱ्यात पिसं फुटू लागलेलं पिल्लू. पोट मिटलेलं, बेंबीशी तेवढी नाळ.

"आपुन सारे पयले उघडेच रायतो, माय," ती म्हणाली. "कडा जुळल्या का पोटात पोकळी होते, मंग त्यात आतडं बसते. तीन-चार महिन्यांची पडलेली लेकरं म्या हातात घेतली हायेत, पोट मिटलेलंच असते. वासराचं कोनं चिरलं नाई, मिटाचंच राहून गेलं. तू इळा धरला तवा तं गायीचे दिवस भरत आले होते."

घरी येऊन मी हे सांगितलं. अंडी पाहून आले, विटाळ झाला म्हणून सासूबाईंनी मला डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं. मग मीच विचारलं, "मामंजी, शिवन कापाले कोनं सांगतलं होतं?" ते उठले आणि भाव विचारायला बाजारात निघून गेले. दुसऱ्या दिवशी माझी गाडी जुंपली.

अमरावतीला मुलगी झाली. सासूबाई आल्या, दुपटं उघडून आधी तिचं पोट चाचपलं. धडधाकट होतं.

"म्या नवस बोलली म्हनून वाचली," त्या म्हणाल्या.

"कवा बोलल्या?"

"वासरू मेलं त्या दिवशी."

मी लेकीला त्यांच्या हातातून काढून घेतलं. तिचं पोट त्या दिवसाच्या कितीतरी आधी मिटलं होतं, माझ्या आत, कुणालाही न विचारता.